धरून ठेवलेली लाईन

टेलिफोन एक्स्चेंजमधले मिस्त्री स्वभावाने शांत, पण हल्ली त्यांच्या नाकावर कायम राग असायचा. कारणही तसंच होतं. त्यांच्या बहिणीच्या गावाकडे जाणाऱ्या लाईनींत कुठेतरी भूत बसलं होतं. फोन लागायचा, घंटी वाजायची, आणि मग एकाला ऐकू यायचं, दुसऱ्याला नाही. त्या गावाकडे बोलणी नेणारे चॅनल पुष्कळ, बिघडलेला त्यातला एकच. प्रत्येक फोन मोकळा सापडेल त्या चॅनलवर चढतो, म्हणून दुखणं कधी या गिऱ्हाइकाला, कधी त्याला. ते पकडायचं तर आवाज येत नसला तरी फोन धरून ठेवावा लागतो. फोन चालू आहे तोवरच तो कुठल्या चॅनलवर आहे ते यंत्रावर दिसतं. पण आवाजच नाही म्हटल्यावर फोन धरून बसतंय कोण? लोक शिव्या हासडून फोन आपटायचे, मग तक्रार करायचे, आणि मिस्त्री कपाळाला हात लावायचे.

त्यात आई त्याच गावच्या दवाखान्यात होती. वर्षभरापूर्वी, माझ्याकडे राहायला ये म्हणून मिस्त्रींनी हट्ट धरला, आई काही केल्या बधली नाही, आणि ते तोंडाला येईल ते बोलून बसले. तेव्हापासून मायलेकांचा अबोला. तो मोडावा असं दोघांनाही वाटत होतं, पण आधी कोणी बोलायचं इथे घोडं अडलं होतं. आता रजा मागितली, तर साहेबांनी सांगितलं की बिघाड सापडला की लगेच निघा. साहेब तसे वाईट नव्हते. वरून त्यांचाही जीव खाल्ला जात होता.

त्या दुपारी मिस्त्रींच्या टेबलावरचा फोन वाजला. धाकटी बहीण होती, दवाखान्यात आईच्या खाटेशेजारच्या फोनवरून. मिस्त्री "बोल" म्हणाले, तरी ती आपली "हॅलो, हॅलो" करत राहिली. त्यांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय. त्यांनी रिसीव्हर घट्ट धरला आणि यंत्रांच्या खोलीतल्या जोडीदाराला ओरडून सांगितलं, हा फोन कुठल्या चॅनलवर आहे बघ. तोडून आपणच पुन्हा लावावा हे त्यांना सुचलंच नाही.

तिकडे बहीण कोणाला तरी म्हणाली, दादाने फोन उचललाय, पण बोलत नाही. मग आईचा आवाज आला, अगदी बारीक.

"नको बोलूस. राग असेल तर असू दे. मी आले असते रे तुझ्याकडे. तुझ्या घरच्या जिन्याची भीती वाटते मला. तेवढं सांगायची लाज वाटली."

"आई, मी ऐकतोय," मिस्त्री म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग इतक्या मोठ्याने, की सगळ्या हॉलने माना वळवल्या. आवाज पलीकडे जात नव्हता, आणि तो का जात नाही हे त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"ऐकलं, एवढं तरी म्हण," आई म्हणाली.

जोडीदार धावत आला. चॅनल सापडला होता. तोडू का, असं विचारत होता. तोडला तर आईचा आवाज जाणार, न तोडला तर आपला पोहोचणार नाही. मिस्त्रींच्या तोंडून ना हो निघालं, ना नाही. "राहू दे, अजून रागावलाय," असं आई बहिणीला म्हणाली आणि फोन तिकडूनच ठेवला गेला.

त्यांनी लगेच दवाखान्यात फोन लावला. कितीतरी वेळ कोणी उचलला नाही. उचलला तेव्हा बहिणीचा आवाज स्वच्छ येत होता. आईची शुद्ध गेली होती, डॉक्टर येऊन बघून गेले होते. मिस्त्रींनी बिघडलेल्या चॅनलचं सगळं सांगितलं.

"दादा, फोन दुरुस्त करणं तुझं काम. निदान कारण तरी दुसरं सांगायचंस."

त्यांनी वाद घातला नाही. एकदा आईच्या कानाला फोन लाव, म्हणून गयावया केली. तिने लावला. मिस्त्री म्हणाले, सगळं ऐकलं, राग कधीच गेला, जिना नसलेलं घर बघू, मी निघालोच. बोलून थांबले.

"झालं?" फोन परत आपल्या कानाला लावून बहिणीने विचारलं.

"तिने ऐकलं का गं?"

"मला कसं कळणार, दादा," ती म्हणाली.