पनीर दुपारभर डिकीत होतं

गेल्या महिन्यात आमच्या धुळ्याच्या इमारतीतल्या दोन बायका सूनबाईकडे आल्या होत्या. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो होतो. तळमजल्यावर त्यांची भिशी होती. सूनबाईला अख्ख्या ब्रेडचा पिझ्झा फार छान येतो, असं माझा मुलगा कुठेतरी बोलून गेला होता, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. सूनबाईने त्यांना चहा दिला, इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, "नको हो. माझ्या हाताला यश नाही."

त्या गेल्यावर ती कपबशा विसळत राहिली. मी पेपरचं तेच पान धरून बसलो. तिच्या हाताला यश होतं. ते कसं गेलं हे तेव्हा फक्त मला ठाऊक होतं, आणि अकरा वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता अठ्ठ्याहत्तरावं वर्ष संपेल. जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. हे ओझं घेऊन आणखी चढवत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तेव्हा आम्ही सगळे जळगावला राहत होतो. मी दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला. तिथे माझं आयुष्य मीटरसमोर गेलं. दर तासाला तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. एक आकडा कधी अंदाजाने टाकला नाही. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही. पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून सांगतोय.

आमच्या घरात ब्रेडला जागा नव्हती. माझं आणि बायकोचं दोघांचंही गाव असोदा. आमच्या लहानपणी घरात ब्रेड यायचा तो कुणाला ताप आला तरच. चहात बुडवून आजाऱ्याला द्यायचा. एखाद्याच्या पिशवीतून ब्रेड डोकावला की लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, कोण पडलंय घरात? बायकोच्या मनातून ते कधी गेलं नाही. सूनबाईने पहिल्यांदा ब्रेड आणला तेव्हा ती म्हणाली होती, "ब्रेड हे आजाऱ्याचं खानं. चांगल्या मानसानं खाल्लं तं तो बी आजारी पडतो."

सूनबाईने ते हसण्यावारी नेलं. ती बेकरीतून न कापलेला अख्खा ब्रेड आणायची. तो आडवा चिरून दोन लांब होड्या करायची, आतला मऊ भाग वाटीने दाबून बसवायची. त्यावर लसूण आणि लाल मिरची घालून आटवलेला टोमॅटो, मग कांदा, ढोबळी मिरची, मसाला लावलेलं पनीर आणि किसलेलं चीज. घरात ओव्हन नव्हता. भाकरीच्या जाड तव्यावर ती होडी ठेवून वर परात झाकायची आणि आच अगदी बारीक. खालून कुरकुरीत, वरून चीज वितळलेलं. मग वड्यांसारखे तुकडे पाडायची. पहिल्या वेळी बायकोने नाक मुरडलं. तिसऱ्या वेळी तिने स्वतःहून तुकडा मागून घेतला, आणि सूनबाईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

पुढे गल्लीतल्या बायकांनी खाल्ला, आणि त्यांच्या भिशीसाठी चौदा जणींची ऑर्डर आली. तिची पहिली. घरून असं काही करावं, हे तिच्या मनात बरेच दिवस होतं. तिने एका पाटीवर नाव रंगवून घेतलं होतं, ती पाटी कपाटामागे ठेवलेली मी पाहिली होती. बायकोलाही आतून आनंद झाला होता. तिने स्वतःचा भाकरीचा तवा घासून दिला, तिच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

दिवस मे महिन्यातला. जळगावचा मे ज्याने काढलाय त्याला ऊन वेगळं सांगायला नको. सूनबाईने मला सकाळी अकराला डेअरीतून दीड किलो पनीर आणायला पाठवलं आणि बजावलं, "नाना, सरळ घरी या." मी पनीर घेतलं, स्कूटरच्या डिकीत ठेवलं. परतीच्या वाटेवर मंदिराचं सभागृह लागतं. तिथे आम्ही चार-पाच निवृत्त माणसं पंख्याखाली पत्ते खेळायचो. मेंढीकोटला त्यांचा एक भिडू कमी होता. एक डाव म्हणून बसलो. आमच्यावर कोट चढला, तो फेडायचा म्हणून दुसरा, आणि मग मोजले नाहीत. मध्ये सूनबाईचा फोन आला. मी म्हणालो, डेअरीत माल आलेला नाही, थांबलोय. हे पहिलं खोटं. ते बोलताना पान कोणतं टाकायचं हाच विचार डोक्यात होता.

उठलो तेव्हा तीन वाजून गेले होते. स्कूटरवरची सावली कधीच सरकली होती. डिकीचं झाकण हाताला भाजलं. आतली पिशवी कोमट नव्हती, गरम होती, आणि तिच्यात पाणी सुटलेलं होतं. मी पिशवीला नाक लावलं. आंबूस वास होता. थोडासाच, पण होता. तेव्हा डेअरीत परत जाता आलं असतं. पण मग उशीर का झाला हे सांगावं लागलं असतं. मी सभागृहातल्या माठातलं गार पाणी घेऊन पनीर दोनदा धुतलं, पिशवी नीट बांधली आणि घरी आलो.

सूनबाई ओट्यापाशी उभी होती. टोमॅटो आटवून तयार, पाच ब्रेड चिरून ठेवलेले. तिने पनीर हातात घेतलं आणि विचारलं, "ताजं आहे ना, नाना?"

"आत्ताच आलं," मी म्हणालो.

तिने वास घेतला, जरा थांबली आणि पुन्हा विचारलं. मी म्हणालो, उन्हातून आणलंय, एवढं होणारच. तिने ऐकलं. सासऱ्याने सांगितलेलं सून किती वेळा तपासणार? लसणाचा आणि मसाल्याचा वास पुढे सगळ्यावर बसला.

पाच वाजता भिशी झाली. बायकांनी वाहवा केली, दोघींनी तिथेच पुढच्या ऑर्डरी दिल्या. बायकोनेही दोन तुकडे खाल्ले. मी पोट बरं नाही सांगून खाल्लं नाही. हे लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हे वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला फोन आला. दुपारपर्यंत नऊ घरांतून आले. उलट्या, जुलाब, दोघींना सलाईन. बायकोला दवाखान्यात तीन दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं होतं, पनीर वगैरे होतं का. मी म्हणालो, थोडं होतं, पण ताजं होतं. यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. अख्खी गल्ली म्हणत होती, ब्रेड बाधला. जुन्या बायका म्हणाल्या, आम्ही सांगतच होतो. माझी बायको खाटेवरून तेच म्हणाली. मी नुसता गप्प बसलो आणि लोकांच्या समजुतीने माझं काम केलं.

सूनबाई प्रत्येक घरी जाऊन माफी मागून आली. नऊही घरी, एकटी, उन्हात. पाटी कपाटामागून कधी नाहीशी झाली मला कळलं नाही. बायकोने तिला छळलं असं मी म्हणणार नाही, पण सणावाराला बाहेरची चार माणसं जेवायला असली की ती म्हणायची, तू वाढ, करते मी. पुढे मुलाची बदली धुळ्याला झाली. इथे सूनबाई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिला सांगायला मला आठ वर्षं मिळाली होती.

त्या दोन बायका येऊन गेल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात, सूनबाई दुकानात असताना, मी बेकरीत गेलो. बेकरीवाला ब्रेड मशीनवर ठेवू लागला, त्याला म्हणालो, कापू नको. पनीर रिक्षाने आणलं, ओल्या फडक्यात, मांडीवर धरून. आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नाही. ब्रेड वाकडा चिरला गेला. तव्याची आच मोठी राहिली आणि परात उचलली तेव्हा खालचा भाग काळा झाला होता. वरचं मात्र बरं दिसत होतं.

ती सहाला आली. ताट बघून म्हणाली, "हे काय नाना?" मी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. सभागृह, डिकी, माठाचं पाणी, वास. मी का खाल्लं नाही तेही.

तिने खांद्यावरची पर्स काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं होतं, नाना." एवढं बोलून ती आत गेली. ताट तसंच राहिलं.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवण, गोळ्या, सगळं वेळेवर. मुलाला तिनेच सांगितलं असावं, तो माझ्याकडे न बघता ऑफिसला जाऊ लागला. मी तक्रार केली नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, ती एक कागद घेऊन समोर बसली. त्यावर जळगावच्या नऊ जणींचे नंबर होते. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ह्यांना सांगा. माझ्यासमोर."

मी पहिला नंबर लावला, तिने स्पीकर चालू केला. पलीकडे त्या वेळी सलाईन लागलेल्या काकू. ओळख पटली, तब्येतीचं झालं, बायकोच्या जाण्याचं झालं. मग मी सांगितलं, न थांबता. काकू हसल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या हो नाना. सुनेवरचा आळ अंगावर घ्यायला बघताय, चांगलं मन आहे तुमचं. पण तो ब्रेडच बाधला होता. आम्ही तेव्हापासून घरात आणतच नाही."

सूनबाईने माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू," ती म्हणाली, "ब्रेड चांगला होता. माझ्या करण्यातही काही चूक नव्हती. पनीर दुपारभर उन्हात होतं. नाना खरं सांगतायत."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हो का गं."

सूनबाईने फोन ठेवला, पेनने पहिल्या नंबरापुढे बारीक खूण केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"पुढचा लावा," ती म्हणाली.