बातम्या झाल्या का?

गुजराती मुलखालगतच्या सायली गावात, कारखान्यांमागे, पुतळाबाईची एका खोलीतली खानावळ आहे आणि त्या खानावळीत घड्याळ नाही. लागतंय कुणाला? सकाळी रेडिओवर मुंबईचं मराठी केंद्र लागलं की पीठ चाळलं जातं, अभंग सुरू झाले की डाळ चुलीवर चढते आणि बातम्यांना तवा तापतो. धाग्याच्या कंपनीतली खानदेशी पोरं पहिल्या पाळीला जाताना दारात थांबतात. डबा झाला का, असं कुणी विचारत नाही. "मावशी, बातम्या झाल्या का?" एवढंच विचारतात.

दुपारी भांडी घासताना ती गुजराती केंद्र लावते. इथला पाऊस इथल्याच माणसाला कळणार, मुंबईवाल्याला काय कप्पाळ कळणार, असं तिचं मत. दिवस बुडाला की जळगाव. तो आवाज फार लांबून येतो, मधेच खरखरीत बुडतो. पण तिच्या शिरपूरकडचा एखादा शब्द जरी कानावर पडला, तरी तिची संध्याकाळ गोड होते. एफएमचं मात्र नाव काढायचं नाही. "सोताच बोलस आन सोताच हासस," असं म्हणून तिने ते कायमचं बाद केलंय.

रेडिओचं मागचं झाकण कधीच हरवलं. सेल डब्याच्या रबराने बांधलेले. खिडकीत तो कोणत्या तोंडाने ठेवला की मुंबई स्वच्छ येते, ते कळावं म्हणून तिने फळीवर चुन्याची रेघ ओढली आहे. त्या रेघेवरून रेडिओ बोटभर कुणी हलवला, तर त्या दिवशी त्याच्या ताटात तूप पडत नाही.

नवऱ्यामागे या खोलीवरच तिने कल्पेशला वाढवलं. तो आता दादरा गावातल्या प्लास्टिकच्या कंपनीत सुपरवायझर आहे, नरोली रस्त्याला लिफ्टवाल्या इमारतीत राहतो. पोरगा चांगला, फक्त एकाच गोष्टीने पछाडलेला. आईने खानावळ बंद करावी आणि फ्लॅटवर येऊन राहावं. सुपरवायझरची आई डबे भरते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पुतळाबाई ऐकून घ्यायची आणि भाजी निवडत राहायची.

मग त्याने एक बोलका स्पीकर आणला. "आई, नुसतं सांग काय ऐकायचंय. लगेच लागतं."

"माले काय मालूम काय ऐकनं शे?"

"जे पाहिजे ते सांग ना."

"मन्ही खानावळमां कोन्ही इचारस का, काय पाहिजे? रांधेल शे ते वाढस. रेडिओ बी तसाच शे." जन्मभर ती दुसऱ्यांना वाढत आली होती. तिला न विचारता वाढणारं या जगात एवढंच एक उरलं होतं, ते सोडून ती त्या डबीला हुकूम सोडत बसणार होय? स्पीकर खोक्यात परत गेला.

कल्पेशने तरी हट्ट सोडला नाही. एका रविवारी, दुरुस्त करून आणतो म्हणून तो रेडिओ घेऊन गेला. पत्ता लागू दिला नाही की रेडिओ दुकानात नाही, त्याच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेलाय. रेडिओ गेला की आई मागोमाग येईल, असा त्याचा हिशेब.

सोमवारी खोलीत सगळं मुकं झालं. डाळ लागली, मीठ दोनदा पडलं, भाकऱ्या थापून होईपर्यंत पाळीचा भोंगा झाला. शिरपूरकडचाच ओंकार, तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, रिकाम्या हातांनी कामावर गेला. एवढ्या वर्षांत तिच्या दारातून उपाशी माणूस गेला नव्हता. ते तिला फार लागलं.

कल्पेशच्या बायकोला, सरिताला, तिने फोन केला. सरिताला खोटं बोलता येत नाही. संध्याकाळी पुतळाबाई रिक्षाने फ्लॅटवर हजर.

कल्पेश खुलला. "बघ, रेडिओ इथेच आहे. आता तूपण इथेच राहा."

तिने कपाट उघडून रेडिओ लावला. जळगावची वेळ होती. नुसती घरघर. तिने तो हॉलमध्ये फिरवला, बाल्कनीत धरला, कपडे धुवायच्या मशीनवर ठेवून पाहिला. लिफ्ट चालली की घरघर वाढायची, एवढाच फरक. तिने रेडिओ बंद करून पदराखाली घेतला आणि चपला घातल्या.

"आई, जेवून तरी जा," सरिता म्हणाली.

"मना जेवनारा वाट दखी राहिनात."

कल्पेश लिफ्टपर्यंत आला. "माझ्यापेक्षा हा डबा मोठा झाला का तुला?"

ती थांबली. "तू रेडिओ नही लई गया रे. मना आख्खा दिवस उचली लई गया. आन माले इचारं बी नही."

ती जिन्याने उतरली. लिफ्टचा तिला तसाही राग आला होता.

दुसऱ्या दिवशी रेडिओ चुन्याच्या रेघेवर होता आणि आवाज एवढा मोठा, की गल्लीच्या टोकाला चहावाल्यानेही अभंग ऐकले. आज तिला तो सगळ्या सायलीला ऐकवायचाच होता. बातम्या सुरू झाल्या तसा तवा तापला. दारात रांग लागली. सगळ्यात पुढे ओंकार, आणि सगळ्यात शेवटी इस्त्रीच्या शर्टातला कल्पेश. कामावर जायच्या आधी वाकडी वाट करून आलेला. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात नव्या सेलचं पाकीट.

तिने पाहिलं, पण भाकरी थापायची थांबली नाही.

शेवटून कल्पेशने विचारलं. "आई, बातम्या झाल्या का?"

"नही," ती म्हणाली. सुपरवायझर साहेब रांगेत उभेच राहिले.