खेळवाली मॅडम

गढ्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत विनताताई लोकांची मनं ऐकतात. खाली पितळेवर ठोकाठोक चालते. वर एक कपाट आहे, त्यात बाहुल्या, ठोकळे, पत्र्याची भातुकली. गल्लीत त्यांना ‘खेळवाली मॅडम’ म्हणतात. म्हणोत. मोठ्या माणसांनी खेळू नये, हा नियम त्यांनी कधीच मानला नाही.

खमरियाचे अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते बोलत नव्हते, घरच्या चहाला शिवत नव्हते. मुलगा अपूर्व त्यांना दर मंगळवारी घेऊन येई. आज तो दारातच म्हणाला, “दीदी, आजचं शेवटचं. तुम्ही नुसत्या खिडकीबाहेर पाहून राहता. पापांना मी नागपूरच्या दवाखान्यात भरती करतो.”

“पाहतेच मी. तेच माझं काम आहे. तू बाहेर बस.”

अण्णा खुर्चीत बसले. ताईंचं मन भरकटलं, त्यांनी ते ओढून आणलं नाही. समोरच्याला जे सोसत नाही, ते कधी कधी आपल्याच आठवणीचे कपडे घालून येतं, यावर त्यांचा भरवसा होता. आठवला लहानपणचा रेल्वे क्वार्टरचा ओटा, खोटा खोटा चहा, आणि “मला नको” म्हणत कप ढकलणारी मैत्रीण. तेव्हाचा राग पुन्हा आला. आज, इथे, काहून?

त्या उठल्या. इवल्याशा किटलीतून इवल्याशा कपात काहीच न ओतता त्यांनी तो अण्णांपुढे ठेवला.

“घ्या.”

अण्णांनी बोटाने कप ढकलला. तो जमिनीवर पडला.

“मी नाही उचलणार,” ताई म्हणाल्या. “मला राग आला आहे.”

खालची ठोकाठोक थांबली, परत सुरू झाली.

“तिलाही आला होता,” अण्णा म्हणाले. आवाज गंजलेला. “सकाळी म्हटलं, असा पाणचट चहा मी पीत नाही. दुपारी ती गेली.”

तुमचा काय दोष, असं ताई म्हणाल्या नाहीत. अण्णा गुडघे धरत वाकले, कप उचलला, सदऱ्याला पुसला आणि पुढे केला.

“थोडा कडक करा.”

दार उघडलं. “पापा, चलो. अन् हे काय? या वयात भातुकली?”

“बाहेर बस,” अण्णा मान न वळवता म्हणाले. “चहा व्हायचा आहे.”

अपूर्वने ताईंकडे पाहिलं.

“ऐकलंस ना? दार लावून घे,” ताई म्हणाल्या, आणि रिकाम्या किटलीत चमचा फिरवत राहिल्या.