आठवा कोण?

शेठना संघातल्या सात खेळाडूंची नावं सांगायला गेलं, की ते हात वर करून थांबवायचे. "ते राहू द्या राव. आठवा कोण, तेवढं सांगा." कबड्डीच्या मैदानात सात जण उतरतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या सातांतला एखादा लंगडला, दमला किंवा पंचाशी भांडून बाहेर बसला, तर त्याच्या जागी कोण, हे भल्याभल्यांना सांगता यायचं नाही. ज्याला सांगता येईना त्याच्याशी शेठ संघाबद्दल पुढे बोलत नसत. चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. मंचरात त्यांचं आडनाव फार थोड्यांना माहीत होतं. आठवे शेठ म्हटलं की बाजारातला कुठलाही हमाल त्यांच्या गाळ्याकडे बोट करायचा.

गाळा कांद्या-बटाट्याचा. घराणं मूळचं मारवाडातलं, पण तीन पिढ्या इथल्या मातीत गेल्या, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. जैन असल्यामुळे शेठनी जन्मभर कांदा विकला आणि एकदाही खाल्ला नाही. कुणी त्यावरून चेष्टा केली तर म्हणायचे, "कसा लागतो ते तुमी सांगा, भाव मी सांगतो." लिलाव उरकले की गाळ्यापुढे आमची बैठक बसायची. मी पेठचा. शेती करतो आणि गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत समालोचन करतो. माइक आणि भोंगा माझा स्वतःचा आहे, आणि या गोष्टीत त्याला महत्त्व आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो. शेठ दिवस मावळायच्या आत जेवायचे, त्यामुळे संघ निवडायचा तर उजेडातच निवडायचा, असा तिथला नियम होता.

निवड कशी, तर कांदे मांडून. पुढे सात मोठे कांदे, मागे एका ओळीत पाच गोल्ट्या. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, जो लिलावात शेवटी आणि पडेल भावात जातो. एकदा आमच्यातला दूधवाला जोरात होता. "संत्या आहे तोवर बाकीचे सहा नुसते उभे राहिले तरी चालतंय," असं त्याचं म्हणणं. संत्या आमच्या मंडळाचा चढाईपटू, आणि खरोखर अंगात वारं भरल्यासारखा खेळायचा. शेठनी संत्याचा कांदा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "हं, आता खेळा." दूधवाला कोपरारक्षक पुढे घेतोय, मधल्याला चढाईला पाठवतोय, पण काही जमेना. शेवटी चिडून म्हणाला, "शेठ, खिशातला काढा." शेठ म्हणाले, "दुखापत झाल्यावर देव काढून देतो व्हय? गोल्टी फेकू नका, असं मी बोंबलतो ते याच्यासाठीच." संत्या खिशात घेऊनच ते घरी जेवायला गेले.

आता मंडळाच्या अध्यक्षाकडे येतो. त्याचं नाव मी घेणार नाही. फ्लेक्सवर नाव छापून घ्यायची त्याला इतकी हौस आहे, की माझ्या लिखाणात तरी ती भागू नये. आमचे कांदे गाळ्यापुरते, खरा संघ तोच निवडायचा. सात जण बरे असायचे, कारण हरलेलं त्यालाही चालत नव्हतं. पण राखीव पाच जागा म्हणजे त्याच्या मते आहेराचं ताट. कुणी टी-शर्ट दिले त्याचा पुतण्या, कुणी गाडी दिली त्याचा मेहुणा. फोटोपुरते जर्सी घालणारे, चढाईला जाताना कोणत्या पायावर वळायचं हेही माहीत नसलेले. बोरी बुद्रुकचा एक पोरगा होता, काटक, उजवीकडून चढाई करणारा. शेठ हंगामभर अध्यक्षाला सांगत होते की त्याला घ्या, संत्याला जोडीदार पाहिजे. अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठ, तुमी कांदं निवडा. खेळाडू आमी निवडतो." शेठ हसले. मी हसलो नव्हतो.

मग ती यात्रेतली स्पर्धा आली. वजनी गटाची, पंचावन्न किलोच्या आतली. निघायच्या दिवशी सकाळी अध्यक्ष संत्याला घेऊन शेठच्या काट्यावर आला. शेठ पूजेला मंदिरात गेलेले. गाळ्यावर म्हातारा मापाडी होता. त्याचा जन्म गोण्या तोलण्यात गेलेला. काट्यावर आकडा आला, की गोणीच्या बारदानाचं किलोभर वजन मनातल्या मनात वजा करायचं आणि उरलेलं मोठ्याने बोलायचं, ही त्याच्या जिभेची सवय. आकड्याची बाजू त्याच्याकडे, अध्यक्ष फोनवर, संत्या काट्यावर उभा. मापाड्याने संत्याचंही बारदान वजा केलं आणि ठणठणीत आवाजात साडेचोपन्न किलो सांगितलं. अध्यक्षाने ते एका कानाने ऐकलं, खूश झाला आणि वाटेत संत्याला पोटभर मिसळ खाऊ घातली. मैदानावर पंचांनी वजन केलं तर संत्या गटाच्या बाहेर. मिसळ खाल्ली नसती तरी बाहेरच होता.

बोरीचा पोरगा असता तर त्या दिवशी निभावलं असतं. तो घरी होता आणि बाकावर मेहुणा होता. मेहुण्याला चढाईला पाठवलं, तेव्हा तो रेषा ओलांडून परत यायचं विसरला. पार धुव्वा उडाला. सामना संपल्यावर अध्यक्ष माझ्याकडे आला, माझ्या हातातून माइक ओढला आणि भरल्या यात्रेत बोलला, "आमचा संघ हरलेला नाही. शेठचा काटा खोटा निघाला. खोट्या काट्यानं पोराचा घात केला." भोंगे चारी दिशांना लावलेले होते. डोंगरापर्यंत आवाज गेला असेल.

व्यापाऱ्याला शिवी दिली तर तो गिळतो. पण काटा खोटा म्हणणं म्हणजे त्याच्या बापजाद्यांना खोटं म्हणणं. दुसऱ्या दिवशीपासून शेतकरी गोणी ठेवायच्या आधी स्वतः काट्यावर उभे राहून बघायला लागले. काही जण हसत हसत, काही जण न हसता. शेठनी सरकारी माणूस बोलावून काटा तपासून घेतला, बिनचूक निघाला, शिक्का बसला. पण शिक्क्याला काय भोंगा असतो? मापाडी रडत रडत अध्यक्षाच्या घरी गेला होता, चूक माझी आहे, काट्याची नाही, हे सांगायला. अध्यक्षाने त्याला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि परत पाठवलं. म्हणजे खरं काय ते त्याला तेव्हाच कळलं होतं. तरी तो बोलला नाही. माझा राग आहे तो या गोष्टीचा.

मी शेठना म्हणालो, मापाड्याचं नाव सांगून मोकळे व्हा. ते माझ्यावरच उखडले. "त्याची जीभ बारदान वजा करूनच बोलती. चाळीस वरसं माझ्यासाठीच केलं ना त्यानं ते? त्याला चावडीवर उभा करू?" मापाडी शेवटपर्यंत त्याच काट्यावर राहिला. शेठची मागणी एकच होती आणि ती त्यांनी निरोप धाडून अध्यक्षाला कळवली. ज्या माइकवरून बोललास त्याच माइकवरून बोल, काटा खरा होता. दुसरं काही नको.

जैनांमध्ये संवत्सरीला सगळ्यांपुढे हात जोडायचे असतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं म्हणायचं आणि आपणही केली म्हणायचं. मिच्छामि दुक्कडम्. शेठ त्या दिवशी बाजारात हमालांपासून आडत्यांपर्यंत सगळ्यांकडे जायचे, माझ्याकडे पेठला यायचे. अध्यक्षाचं घर मात्र वाटेत असून टाळायचे. मी एकदा विचारलं, सगळ्यांना क्षमा झाली का? म्हणाले, "झाली. एक राखीव ठिवलाय. तो माइकवर बोलला की त्याच दिवशी हात जोडीन, संवत्सरीची वाट बी बघणार न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मला तो शांतपणा फार आवडायचा.

आणि मग त्यांनी सूड उगवायला घेतला. शिव्या नाहीत, कोर्ट नाही. जुन्नर-आंबेगावात ज्या ज्या पोराला कुठल्या ना कुठल्या मंडळाने बाकावर कुजवत ठेवलं होतं, त्याच्या घरी शेठ गेले. बोरीचा पोरगा पहिला. बारा जण जमवले, एकही कुणाचा मेहुणा नाही. बाजार रिकामा झाला की मागच्या मोकळ्या जागेत सराव. रोज प्रत्येकाचं वजन त्याच काट्यावर, आणि आकडा शेठ स्वतः मोठ्याने बोलायचे, रस्त्यावरच्यालाही ऐकू जाईल इतक्या. बैठकीतले आम्ही भांडायचो, डावा कोपरा कोण, दुसरी चढाई कुणाची. शेठ म्हणायचे, पहिले सात कुणीही धरा, माझं काही म्हणणं न्हाई. सातवा आणि आठवा यांत फरक दिसला, तर संघ तयार झाला न्हाई असं समजा.

पुढच्या एका यात्रेत अंतिम सामना लागला, अध्यक्षाचं मंडळ आणि शेठची गोल्टी. होय, नाव तेच ठेवलं होतं, जर्सीवर छापून. संत्या अजून तिकडेच होता आणि पहिल्या डावात त्याने आमची वाट लावली. शेठ खुर्चीत बसून होते. दुसऱ्या डावात संत्याच्या गुडघ्यात कळ आली, लंगडत बाहेर गेला. अध्यक्ष बाकाकडे बघायला लागला. तिकडे तेच, नवे मेहुणे आणि जुने पुतणे. आमचा एक दमला की दुसरा ताजा उतरत होता. मी भोंग्यावरून मोजत होतो, "आठवा मैदानात. आता नववा मैदानात." प्रत्येक वेळी अध्यक्षाकडे तोंड करून मोजत होतो. असली चव मला पुरणपोळीलाही आली नाही. आम्ही जिंकलो, पोरांनी शेठना उचललं, आणि वरूनच त्यांनी मला विचारलं, "तो हाय का गेला?" बक्षीस समारंभाच्या आधीच अध्यक्ष गाडी काढून गेला होता. मी सांगितलं, गेला. शेठ म्हणाले, "मंग आज बी न्हाई झालं." त्यांनी पोरांना खाली ठेवायला सांगितलं आणि उजेड संपत आला म्हणून घराकडे निघाले.

त्यानंतर पोटाचं दुखणं निघालं आणि झपाट्याने वाढलं. दवाखान्यात मी रोज जायचो, बैठकीतले वाद सांगायचो. एके दुपारी अध्यक्ष आला. हातात नारळपाणी, चेहऱ्यावर दुःख. दार लोटून घेतलं आणि पलंगाजवळ हात जोडून पुटपुटला, "शेठ, झालं गेलं विसरा. काट्यात काही नव्हतं, मला माहितीय." शेठनी डोळे उघडले, आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आवाज पार खोल गेला होता.

"माइक आणलाय का?"

अध्यक्ष म्हणाला, आता इथं माइक कुठला. शेठनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नारळपाणी तो गेल्यावर मी मोरीत ओतलं. चार-सहा दिवसांनी शेठ गेले.

बाजारातल्या लिलावाच्या शेडमध्ये शोकसभा ठेवली. माइक आणि भोंगा माझाच, सांगायला नको. गोल्टीचे बाराही जण पुढे बसले होते. मापाडी अगदी मागे, खांबाला टेकून. अध्यक्ष बोलायला उभा राहिला आणि शेठ म्हणजे आपल्या तालुक्याच्या कबड्डीचे आधारस्तंभ, वगैरे सुरू केलं. हे सगळं त्याने पाठ करून आणलं होतं. मी ॲम्प्लिफायरपाशी बसलो होतो. आवाज बंद केला आणि उठून म्हणालो, "अध्यक्ष, आधी काट्याचं बोला. मग आधारस्तंभ."

अध्यक्षाने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या बाजूने बोलायला उठेल असा एकही मेहुणा त्या दिवशी आला नव्हता. मी आवाज परत चालू केला. तो माइक तोंडापासून लांब धरून म्हणाला, "शेठचा काटा खरा होता."

"मागं ऐकू आलं न्हाई," मी म्हणालो. "परत बोला."

तो परत बोलला. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि म्हणालो, अजून एकदा, मापाड्याकडं बघून. तिसऱ्यांदा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून बाहेर हायवेपर्यंत गेला. मापाड्याने उपरण्यात तोंड लपवलं.

शेठचा मुलगा उठला. बापाने कबूल केलेलं त्याला माहीत होतं. तो अध्यक्षापुढे गेला, हात जोडले आणि वडिलांच्या वतीने म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्." अध्यक्ष रडायला लागला. मग माझ्याकडे वळला, हात जोडून.

माझा धर्म वेगळा आहे. मी माइक त्याच्या हातातून काढून घेतला, तसाच, जसा त्याने कधीकाळी माझ्या हातातून ओढला होता, आणि भोंगा उतरवायला लागलो.