बरी असतानाचं औषध

तनया गेली हे मला कुणी सांगितलं नाही. विरारहून रिक्षाने रुग्णालयात पोहोचले, तर माझी भावजय सुजाता तनयाच्या चपला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती… कळलं. माझी भाची, अकरा वर्षांची. सहा आठवडे झाले.

निर्मळ गावात माझ्या धाकट्या भावाची, महेशची, फुलांची वाडी आहे. तनयाला तिसऱ्या वर्षापासून दमा. पूर्वी धाप लागली की ती चार-चार दिवस वॉर्डात असायची, तोंडावर वाफेचा मास्क लावून. अलीकडे तिथली पद्धत बदलली होती. धाप ओसरली की त्याच दिवशी घरी सोडायचे, पण त्याआधी सिस्टर आईबापांना समोर बसवून शिकवायच्या. प्लास्टिकच्या नळीला पंप लावायचा, सकाळ-संध्याकाळ ओढायचा, मग चूळ भरायची. "हे बरी असतानाचं औषध आहे," त्या म्हणाल्या होत्या. "खेळायला लागली म्हणून मनाने बंद करू नका." मीही तिथेच होते. मान डोलावली होती.

पावसाळा निभावला. तनया सायकलने शाळेत जाऊ लागली. दिवाळीत सगळे माझ्याकडे आले, तेव्हा मीच महेशला म्हणाले, "चार महिन्यांत पोर एकदा खोकली नाही. कशाला पंपाची सवय लावतोस?"

"ताई म्हणते तर राहू दे," तो सुजाताला म्हणाला. घरात शिकलेली मीच.

"आत्या, म्हणजे मी बरी झाले?" तनयाने विचारलं.

"झालीस."

थंडी सरता सरता एका दुपारी ती शाळेतून धापा टाकत आली. महेशने स्कूटर काढली, सुजाता तिला धरून मागे बसली. रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "पप्पा, हळू नका चालवू." डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले…

"रोजचं औषध चालू होतं ना?" सिस्टरने विचारलं. महेशने मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही, अजूनही घेत नाही. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

परवा निर्मळला गेले. तनयाच्या पलंगावर भिंतीला टेकवून तीन उशा रचलेल्या होत्या. शेवटचे काही आठवडे ती बसूनच झोपायची म्हणे. तिला राणीसरकार म्हणून सगळे चिडवायचे. आडवं झालं की छाती भरते, हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, आत्या म्हणाली म्हणजे आपण बरेच आहोत…

सुजाता रोज सकाळी त्या उशा झटकते आणि पुन्हा तशाच लावते. मी दारातूनच पाहिलं. आत जाता आलं नाही.