अडीच मिली

हाफिजा मुजावर गडमुडशिंगीत राहतात आणि शेजारच्या गावातल्या शाळेत पाचवीला गणित शिकवतात. एकोणीस वर्षं त्यांच्या टाचणवहीत दशांश अपूर्णांकांच्या पाठासमोर एकच उद्दिष्ट असायचं : 'विद्यार्थ्यांना संकल्पना समजेल.' तपासणीला आलेले साहेब खाली सही करून जायचे.

गेल्या पावसाळ्यात, रविवारी दुपारी, स्नेहल कडेवर पोर घेऊन धावत आली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन याच गल्लीत आलेली.

"बाई, डोळं उघडंना हो!"

दोघी रिक्षानं कोल्हापुरात दवाखान्यात पोचल्या. सर्दीचं औषध किती दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"पंचवीस मिली. पाच टोपणं," स्नेहल म्हणाली.

चिठ्ठीवर २.५ लिहिलं होतं. बाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

पोराला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी त्यानं डोळे उघडले, दूध मागितलं. मग कुठे बाईंना विचारायचं धाडस झालं.

"टिंब दिसलं न्हाय व्हय गं तुला?"

"दिसलं की. टिंबाची गणितं मला यायची, बाई. पंचवीसपैकी चोवीस पडलेलं. पण दोन पॉइंट पाच म्हंजे केवढं, हे कधी मोजलंच न्हाय. गणितात टिंब काढून पंचवीस धरायचं, तसंच धरलं."

स्नेहलच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाईंना तेच सहन होईना.

मंगळवारी त्यांनी वर्गात पाण्याची बाटली आणि औषधाची पाच मिलीची मोजटोपणं नेली. हा पाठ महिन्यापूर्वीच झाला होता. "अडीच मिली ओतून दाखवा." एकतीस मुलांपैकी चौघांना जमलं. फळ्यावर एकही गणित न चुकणाऱ्या संयोगितानं टोपण काठोकाठ भरलं आणि विश्वासानं बाईंकडं पाहिलं.

बाई खुर्चीत बसल्या. टाचणवहीची मागची पानं उलटत राहिल्या. समजेल. ओळख होईल. जाणीव होईल. यातलं काय झालं आणि काय नाही, हे कशावरून ठरवायचं होतं?

त्यांनी जुनं वाक्य खोडून लिहिलं : 'प्रत्येक विद्यार्थी २.५ मिली पाणी मोजून ओतेल आणि २५ मिलीपेक्षा ते किती कमी, हे सांगेल.'

मुख्याध्यापक गणपतरावांनी ते वाचलं. "बाई, टाचणात पाणी ओतणं कोण लिहितंय? साहेब काय म्हणतील?"

"साहेबांनी पोरांकडनं ओतवून बघावं, सर. मी एकोणीस वर्षं बघितलं न्हाय."

गणपतरावांनी वही मिटून परत दिली.

शुक्रवारपर्यंत एकोणतीस मुलांना जमलं. दोघं राहिले होते. बाईंनी पुढचा पाठ काढला नाही.