संक्रांतीचा ट्राउट

मुलगी टेक्सासमधल्या अर्विंगहून आली ती एअरपोर्टवरून येताना वाटेत थांबून रिकामे खोके घेऊन आली. घडी घातलेले, नवे कोरे, चिकटपट्टीच्या रिळांसकट. ते तिनं माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवले आणि मग मला मिठी मारली. आधी खोके, मग आई. माझं डोकंच फिरलं.

भांडण जुनंच होतं. गेल्या हिवाळ्यात मी ड्राइव्हवेवर घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून तिचा एकच घोशा, की आई, मिनेसोटातलं हे ईडन प्रेरीचं घर विक आणि टेक्सासला माझ्याकडे राहायला ये. तिथे बर्फ नाही, तिथे पाच मिनिटांवर आपलं इंडियन दुकान, तिथे अळूची पानंसुद्धा ताजी मिळतात. सगळं खरं आहे हो. पण हे घर मी आणि नवऱ्यानं मिळून घेतलं, तो गेल्यावर मी एकटीनं चालवलं. घर उबदार ठेवणारी बेसमेंटमधली भट्टी कधी नुसती कुरकुरतेय आणि कधी खरंच बिघडलीय, हे मला झोपेतही कळतं. मला जायचं नव्हतं. आणि सोमवारी सकाळी एजंट घर बघायला येणार, हे मला विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं.

"अगं, मी माणूस आहे की फर्निचर?" मी म्हटलं.

"आई, प्लीज. यू फेल ऑन आइस. यू वेअर अलोन."

"बर्फावर पडले, हाच माझा गुन्हा ना? मग ऐक. शनिवारी ट्राउट माशांचा सीझन उघडतोय. तळ्यावर बर्फात मी उभी राहीन, भोक मी पाडीन, घरी केलेल्या सामानानं मासा मी धरीन, आणि एकदाही न पडता घरी येईन. जमलं तर एजंट कॅन्सल. नाही जमलं तर तुझे खोके मी माझ्या हातानं भरते."

मुलगी वकील आहे. ती आधी हसली, मग तिनं अटी घातल्या. मासा ट्राउटच पाहिजे. किनाऱ्यापासून लांब जायचं नाही. आणि एकदा पडलीस की खेळ खलास. किनाऱ्याची अट ऐकून मी तोंड वाकडं केलं, पण मनातून खूश झाले. सीझनच्या सुरुवातीला इंद्रधनुषी ट्राउट किनाऱ्यालगत, उथळ पाण्यातच हिंडतो. एवढा अभ्यास माझा झालेला होता.

हे खूळ मी रागाच्या भरात उचललं होतं असं मात्र समजू नका. मी कोकणातली, खाडीकाठची. लहानपणी भावांबरोबर गरवायला जायची, म्हणजे हातात दोरी, दोरीला गळ, आणि मासा लागेपर्यंत तोंड बंद. मनगट सांधल्यावर फिजिओथेरपीवाली म्हणाली, हाताला काम द्या, पिळा, घासा, वळा. मग मी उन्हाळाभर बेसमेंटमध्ये बसून लाकूड घासलं. मोडक्या लाटण्याची मूठ केली. महाराष्ट्र मंडळाच्या पतंगाच्या कार्यक्रमातून उरलेली एक फिरकी होती, तिच्यावर मांज्याऐवजी मासेमारीची दोरी गुंडाळली आणि ती मुठीला बसवली. करवतीचं जुनं पातं मुठीच्या पुढे बसवून त्याच्या टोकाला नाचातलं घुंगरू बांधलं. मुलगी लहानपणी ज्या भरतनाट्यमला रडत जायची, त्यातलं. माशानं ओढ दिली की पातं वाकणार आणि घुंगरू वाजणार. भोकातला बर्फाचा चुरा काढायला पुऱ्या तळायचा झारा. बसायला रंगाची रिकामी बादली, तिच्यावर उशी. गळाला लावायला भिजवलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. दुकानात याच कामाचं चकचकीत सामान मिळतं, पण त्यात मजा ती काय?

शनिवारी सकाळी तळ्यावर पोचलो तर आमच्या मंडळातले नागपूरचे काका आधीच हजर. रिटायर्ड हृदयरोगतज्ज्ञ, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांचा तंबू, तंबूत हीटर, बॅटरीवर चालणारं भोक पाडायचं यंत्र, आणि पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं दुसरं एक यंत्र. सगळं तळ्याच्या अगदी मध्यात मांडलेलं. माझी बादली आणि झारा बघून ते लांबूनच ओरडले, "अवो वहिनी, मासे धरायले आल्या का पुऱ्या तळायले?"

"दोन्ही," मी ओरडून सांगितलं. "तुम्ही तेल गरम ठेवा."

मुलीनं मला बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधायला लावले, तेही ओढून ओढून तपासून. स्वतः मात्र टेक्सासचे छान टाचेचे बूट घालून आली होती. पोरगी मोठी झालीय, मी मनाशी म्हटलं.

बर्फावर पहिलं पाऊल टाकताना मी ते दोनदा मागे घेतलं. खोटं कशाला बोलू? मनगटाला ती पडल्याची आठवण असतेच. पण गॅरेजमधली नवऱ्याची पहार हातात होती. चार पावलं टाकायची आणि पहार आपटून बघायची, असं करत गेले. बर्फ ठण्ण वाजत होता. मग जागा धरली आणि भोक पाडायला लागले. काकांनी यंत्र देऊ केलं, मी नको म्हटलं. बर्फ वीतभर आणि वर चार बोटं जाड होता. अर्ध्या वाटेत दम लागला, टोपी काढून टाकली, मनगट ठणकायला लागलं. मुलगी शेजारी हात चोळत उभी होती आणि दर दोन मिनिटांनी "आई, एनफ" म्हणत होती. शेवटी पहार खचकन खाली गेली आणि काळंभोर पाणी वर आलं. झाऱ्यानं चुरा काढला. अस्सा सुरेख निघाला म्हणून सांगू! दुकानातल्या झाऱ्यानं काय निघेल तसा.

गळाला सोडा लावला, दोरी भोकात सोडली आणि फिरकी फिरवायला गेले.

फिरकी फिरेचना.

ढकलली, ओढली, दातांनी हातमोजा काढून उघड्या हातानं पिळली. ढिम्म. मग जवळ नेऊन बघितलं तर फिरकीच्या दांड्याभोवती पांढरं पांढरं काहीतरी मेणासारखं बसलेलं. आणि माझ्या लक्षात आलं. बेसमेंटमध्ये फिरकी करकरत होती, म्हणून मी तिला तेल घातलं होतं. खोबरेल तेल! हिवाळा लागला की बाथरूममध्ये तेलाची बाटली रोज गरम पाण्याच्या मगात ठेवून पातळ करणारी मी. त्यात आयुष्य गेलं रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये, कुठलं तेल किती थंडीत गोठतं हेच मोजण्यात. कपाळ माझं! भट्टीच्या उबेत बसून तेल घातलं, आणि ते बर्फावर गोठेल हे डोक्यातच आलं नाही.

"व्हॉट हॅपन्ड?" मुलीनं विचारलं. मी सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू आलं, पण आतून मी पार खचले. मला तिचे खोके दिसायला लागले.

थर्मासमधला चहा फिरकीवर ओतून बघितला. तेल सुटलं खरं, पण क्षणात चहाच गोठला आणि आता फिरकीवर चहाचा बर्फ बसला. मग मात्र माझी सटकली. गेली खड्ड्यात फिरकी, म्हटलं. होती तेवढी दोरी हातांनी उलगडून काढली, बर्फावर पसरून ठेवली, आणि लहानपणी खाडीवर धरायची तशी नुसती बोटावर घेतली. मूठ बर्फाच्या चुऱ्यात रोवून पात्याला दोरीचा एक वेढा दिला, घुंगरू तरी कामाला येऊ दे. दोरी बोटानं हळूच उचलायची, सोडायची, थांबायचं. बोटं विसरली नव्हती. तो आनंद काय सांगू तुम्हाला!

आणि मग काहीच झालं नाही. बराच वेळ. काका मध्यातून बातम्या देत होते, "पडद्यावर दिसून राह्यले, पण खाऊन नाही राह्यले!" मी खिशातला संक्रांतीचा तिळगूळ काढून मुलीला दिला. तिनं तो दाढेखाली धरला आणि माझ्या शेजारी बर्फावर उकिडवी बसली.

"आई, डू यू नो," ती म्हणाली, आणि मग थांबून मराठीत म्हणाली, "तू पडलीस त्या दिवशी मी तुला सारखा फोन लावत होते. तू उचलत नव्हतीस. मी ऑफिसमध्ये होते, आणि मला काही करता येत नव्हतं. मी शेजाऱ्यांचा नंबरसुद्धा ठेवला नव्हता."

मला वाटत होतं तिला माझी अडचण होते. म्हातारी आई लांब राहते, कटकट नको, म्हणून जवळ आणून ठेवायची. तिला भीती वाटतेय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी भांडण्यात गुंतले होते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण एका हातात दोरी होती, म्हणून दुसऱ्या हातानं तिची टोपी कानांवर नीट ओढली. "इतकं घाबरलीस होय गं," मी म्हटलं. तिनं नाक पुसलं. मग गाडीतून दुसरा थर्मास आणते म्हणून उठली आणि काठाकडे गेली.

ती परत येत असतानाच घुंगरू वाजलं.

एकदाच, छुम. मग पातं वाकलं आणि छुमछुमछुम सुरू झालं, आणि माझ्या बोटावरची दोरी सरसरत भोकात जायला लागली. "लागला! लागला गं!" मी किंचाळले. मुलगी थर्मास घेऊन पळत निघाली, टाचेच्या बुटांवर, आणि धप्पकन आडवी झाली. थर्मास एकीकडे, ती एकीकडे. मी दोरी सोडून तिच्याकडे धावणार, तेवढ्यात बर्फावर पालथी पडलेली माझी वकील मुलगी जिवाच्या आकांतानं ओरडली, "आई, मला काही झालं नाही! मासा सोडू नकोस! ओढ! ओढ ना!"

तिनं मला ऑर्डर दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती मुकाट्यानं पाळली. हातावर हात टाकत दोरी ओढली. तो जोर करून निघाला की द्यायची थोडी, दमला की घ्यायची. भोकापाशी आला तेव्हा तो आडवा झाला आणि बाहेर येईना. मी गुडघ्यांवर बसले, दंडापर्यंत हात पाण्यात घातला, कल्ल्याखाली बोटं सरकवली आणि त्याला बर्फावर काढला. अहो, काय मासा! कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पाठीवर काळे ठिपके, अंगावरून गुलाबी पट्टा. मी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की तळ्यावरची सगळी डोकी वळली. काका तंबूतून धावत बाहेर आले.

"वहिनी, कशावर धरला जी?"

"सोड्यावर! बोटानं!"

"अन् मी सकाळपासून टीव्ही पाहून राह्यलो," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. तिळगूळ त्यांनाही दिला.

मग मी मुलीकडे गेले, सावकाश, खिळे रोवत. ती अजून बर्फावरच बसलेली, पाय फाकून, हसत आणि रडत. मी हात पुढे केला. मोडलेला, उजवा हात. तिनं तो धरायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "धर गं," मी म्हटलं. "मी पडत नाही." तिनं धरला आणि मी तिला उभी केली. गाडीपर्यंत ती माझ्या दंडाला लटकून आली. पाय सपाट टाक, बदकासारखी चाल, असं मी तिला सारखं सांगत होते. तो माझा मोठेपणा नव्हता, निव्वळ मिजास होती. मी ती पुरेपूर उपभोगली.

दुपारी घरी मासा साफ केला, तुकड्यांना हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावलं, रव्यात घोळवून तव्यावर सोडल्या. घरभर वास सुटला. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. तिनं हात पुसले, फोन काढला आणि एजंटला लावला. आधी आवाजात तो तिचा कोर्टातला कोरडेपणा होता. सोमवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करतेय, म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बहुतेक, मग उन्हाळ्यात बघायचं का, असं असावं. मुलीनं माझ्याकडे बघितलं.

"नो," ती म्हणाली. "नॉट इन समर आयदर. माय मदर लिव्ह्ज हिअर."

माझ्या हातात उलथनं होतं आणि तुकडी उलटायची वेळ झाली होती. मी ती उलटली, गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर उभी राहून मोठमोठ्यानं रडले.